हेडफोन घ्यायचाय, पण डोकं सोलापुरात आहे

सात-आठ हजारात बरा हेडफोन घ्यायचा, एवढंच माझं म्हणणं होतं. रिव्ह्यू करणारे सगळे एका सुरात सांगतात, साउंड बघा, कम्फर्ट बघा, पोर्टेबिलिटी बघा. ही मंडळी एसीत बसून बघतात ओ. इकडं मे महिन्यात पारा ४२-४३ला आणि कानावर रेग्झिनच्या गाद्या!

नवी पेठेत विचारलं तर दुकानदार म्हणे, "लावून बघायचं नाही साहेब, बॉक्स फोडला की तुमचाच." मग काय, ओळखीपाळखीत मागून आणले. मित्राचा क्लोज्ड-बॅक (मागनं बंद), भाच्याचा ओपन-बॅक आणि मेव्हण्याचा नॉइज कॅन्सलिंगवाला.

क्लोज्ड-बॅकचा बास लई भारी, पण मला चष्मा. चष्म्याच्या काडीमुळं गादी कानाला नीट चिकटत नाही, तिथनं फट राहते आणि निम्मा बास त्या फटीतनं पळून जातो, दाबून धरलं की परत येतो, म्हणजे गाणं ऐकायचं तर दोन्ही हात कामाला. वर अर्ध्या तासात कानात घामाचं तळं. बॉक्सवर मात्र ऐटीत छापलंय, २० ते २०,००० हर्ट्झ, म्हणजे खालच्या खर्जापासून वरच्या बारीक आवाजापर्यंत सगळं. बाबा म्हणाले, चाळिशीनंतर वरचं थोडं ऐकूच येत नाही, तेवढे पैसे कमी करून घे.

ओपन-बॅकला मागं जाळी असते, त्यामुळं आवाज मोकळा आणि कानालाही जरा वारा. आपल्याला तर खरं सांगतो, आवाज ह्याचाच सगळ्यात आवडला. पण जाळीतनं आतलं बाहेर जातं तसं बाहेरचंही आत येतं, आणि आमचं घर अशोक चौकाकडं, भिंतीपलीकडं यंत्रमाग. यमनचा विलंबित ख्याल लावला, गायक अजून निवांत आलाप घेतोय आणि शेजारच्या मागानं थेट द्रुत धरली!

आता तिसरा. ह्यात बाहेर माइक असतो, तो आजूबाजूचा आवाज पकडतो आणि बरोब्बर उलटी लहर तयार करून कानात सोडतो, दोन्ही एकमेकांना खाऊन टाकतात. पण हे जमतं ते खालच्या, एकसारख्या घरघरीला. कूलर म्हणजे तेच की! बटण दाबलं आणि कूलर गायब. मी खूश. पण इतकी वर्षं त्या घरघरीखाली जे झाकलं जायचं ते सगळं लख्ख ऐकू यायला लागलं, स्वयंपाकघरातनं आई मावशीला फोनवर सांगतेय, "कानाला लावायला सात हजार आहेत गं, कूलरचं गवत बदलायला नाहीत." (१९१० साली अमेरिकेत बाल्डविन नावाच्या माणसानं स्वयंपाकघरात हेडफोन बनवून तिथल्या नौदलाला विकले म्हणे. आमच्या स्वयंपाकघरात नसतं जमलं.)

पोर्टेबिलिटीचं म्हणाल तर हुतात्मा एक्सप्रेसनं पुण्याला जाताना बॅगेत आधी कडक भाकरी आणि शेंगाची चटणी बसते, उरलेल्या जागेत हेडफोन. ज्याची घडी होत नाही तो भाकरीचा चुरा करतो, आणि चुरा नेला तर पुण्याची बहीण दारातच विचारते. घडी फक्त मेव्हण्याच्या हेडफोनची होत होती.

तसलाच ऑर्डर केला. आईला कळल्यावर तिनं शांतपणे विचारलं, "ह्यानं कूलर ऐकूच येत नाही ना? मग बंदच ठेवू की, लाइट बिल तरी कमी येईल."