पहिल्यांदा काय सांगितलं होतं?

आम्हा ज्यूंकडे बालाकचा पाराशा दरवर्षी ऐन पावसात येतो. पाराशा म्हणजे तोराचा, आमच्या मूळ धर्मग्रंथाचा, त्या आठवड्याचा भाग, शनिवारी सकाळी सिनेगॉगमध्ये वाचतात तो. बाहेर ठाण्याचा धो धो पाऊस, आत पंख्यांची घरघर, आणि हाझान, म्हणजे प्रार्थना चालवणारा, बलामच्या गाढवीची गोष्ट वाचत असतो. लहानपणी आम्ही पोरं त्या बोलणाऱ्या गाढवीची वाट बघत बसायचो. आता पन्नाशी उलटली, आणि मला त्या गोष्टीतला एकच शब्द टोचतो. त्याबद्दल बरेच दिवस लिहायचं होतं.

गोष्ट माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगतो. मिसरातून, म्हणजे इजिप्तमधून, निघालेले इस्रायलचे लोक मवाबच्या सीमेवर येऊन थांबलेत. मवाबचा राजा बालाक घाबरतो आणि बलामकडे माणसं पाठवतो: ये आणि या लोकांना शाप दे. हा बलाम कुणी भोंदू नव्हे. देव त्याच्याशी खरोखर बोलतो. तो रात्री देवाला विचारतो आणि उत्तर मिळतं: त्यांच्याबरोबर जाऊ नकोस, त्या लोकांना शाप देऊ नकोस, ते आशीर्वादित आहेत. यात न समजण्यासारखं काहीही नाही. माणसं परत जातात.

मग बालाक आणखी मोठी, आणखी मानाची माणसं पाठवतो. बलाम त्यांना म्हणतो, बालाकने आपलं घरभर सोनं-चांदी दिलं तरी मला देवाच्या शब्दाबाहेर जाता येणार नाही. ऐकायला किती बाणेदार! पण सोन्या-चांदीचं नाव त्या माणसांनी काढलेलंच नव्हतं. ते बलामच्या तोंडून आलं. अकराव्या शतकातला फ्रान्सचा भाष्यकार राशी नेमकं इथेच बोट ठेवतो: याच्या मनात दुसऱ्याच्या धनाची हाव आहे. आणि पुढे बलाम म्हणतो, तुम्हीही आजची रात्र इथे राहा, परमेश्वर मला आणखी काय सांगतो ते बघू.

आणखी. हाच तो शब्द.

उत्तर मिळालेलं होतं. त्याला दुसरं उत्तर हवं होतं. आणि या वेळी देव म्हणतो, ऊठ, जा त्यांच्याबरोबर. 'जाऊ नकोस' आणि 'जा' ही दोन वाक्यं शेजारी ठेवून तालमूद, म्हणजे आमच्या जुन्या गुरूंच्या चर्चांचा ग्रंथ, म्हणतो: माणसाला ज्या वाटेने जायचं असतं, त्या वाटेने त्याला नेलं जातं. मला या वाक्याची भीती वाटते. देव रुसला, गप्प झाला, तर निदान आपल्याला कळेल तरी. इथे देव परवानगी देतो. माणूस खुशीत सकाळी उठून गाढवीवर खोगीर चढवतो आणि समजतो की आपण देवाच्या सांगण्यावरून निघालोय.

पुढचं सगळ्यांना माहीत असतं. वाटेत देवाचा दूत उपसलेली तलवार घेऊन उभा. गाढवीला दिसतो, बलामला दिसत नाही. ती शेतात शिरते, मग मळ्यांच्या कुंपणाला घासते आणि त्याचा पाय चिरडते, शेवटी बसकण मारते. तीनदा मार खाते. बलाम चिडून म्हणतो, माझ्या हातात तलवार असती तर तुला ठार केलं असतं. तलवार समोरच आहे, फक्त ती त्याच्यावर रोखलेली आहे. आणि हाच माणूस पुढे स्वतःला 'परात्पराचं ज्ञान जाणणारा' म्हणवून घेतो!

आमच्या परंपरेत या आंधळेपणाला एक नेमका शब्द आहे: लाच. तोराच्या 'अनुवाद' नावाच्या पाचव्या पुस्तकात न्यायाधीशांना बजावलंय की लाच शहाण्यांचे डोळे आंधळे करते. शहाण्यांचे. मूर्खांबद्दल तिथे काहीच म्हटलेलं नाही. तालमूदमध्ये याच वचनाच्या संदर्भात रब्बी (म्हणजे धर्मगुरू) योसेचा मुलगा रब्बी इश्माएल याची गोष्ट येते. त्याचं कूळ दर शुक्रवारी त्याच्याच बागेतल्या फळांची टोपली आणून द्यायचं. एकदा टोपली गुरुवारीच आली. आज कशी काय? म्हणून विचारलं, तर कूळ म्हणालं, माझा एक दावा आहे तुमच्यापुढे, येतच होतो तर घेऊन आलो. रब्बीने टोपली घेतली नाही. मी आता तुझा न्याय करायला लायक नाही, म्हणाला, आणि दुसऱ्या दोघांना न्यायाला बसवलं. तरीही बाहेर येरझाऱ्या घालताना त्याच्या मनात येत राहिलं: कुळाने असं म्हटलं तर जिंकेल, तसं म्हटलं तर जिंकेल. तेव्हा तो स्वतःच हादरला. मी घेतली नाही, घेतली असती तरी माझीच फळं होती, तरी माझं मन असं कललं, मग घेणाऱ्यांचं काय होत असेल!

तोच माल, तीच फळं, फक्त एक दिवस आधी. इतक्या बारीक गोष्टीने मन झुकतं हे ज्यांनी लिहून ठेवलं, त्यांच्या प्रामाणिकपणापुढे मी हात जोडतो.

मला हे कळायला वाडीची वाटणी व्हावी लागली. रेवदंड्याजवळ आमची नारळी-पोफळीची लहानशी वाडी, एका अंगाला विहीर. वडील गेल्यावर धाकटा म्हणाला, दादा, तूच ठरव. म्हणजे न्यायाधीशही मीच आणि पक्षकारही मीच. मी समाजातल्या एका जाणत्या माणसाकडे गेलो. त्यांनी एका वाक्यात सांगितलं: भाग तू पाड, पण निवडू दे त्याला आधी. मी घरी आलो आणि आणखी एकाला विचारलं. मग तिसऱ्याला. खोटं एकदाही बोललो नाही, पण दर वेळी हकीकत थोडी वेगळी सांगितली गेली. तिसऱ्या वेळेपर्यंत वडिलांच्या आजारपणातला माझा खर्च सुरुवातीलाच यायला लागला होता, आणि धाकट्याने काढलेल्या रात्री कुठे येतच नव्हत्या. तिसरा म्हणाला, मग विहीर तुझीच. मला इतकं हलकं वाटलं की तो मला देवाचा कौल वाटला. त्या आनंदात मी मलिदा, म्हणजे देवाचे आभार मानायचा आमचा विधी, केला. पोहे, खोबरं, साखर, फळं, एलियाहू हन्नाबी या संदेष्ट्याचं गाणं, सगळं साग्रसंगीत.

तालमूदमध्ये रावा नावाचा एक गुरू सांगतो की वाईटाची ओढ आधी वाटसरू असते, मग पाहुणा होते, मग घरधनी. हे तीन शब्द त्याने दावीद राजाला नाथान या संदेष्ट्याने सांगितलेल्या गोष्टीतून उचललेत. श्रीमंताने गरिबाची एकुलती मेंढी पाहुण्यासाठी कापली, ती गोष्ट. ऐकून दावीद संतापला, हा माणूस मेला पाहिजे म्हणाला. नाथान म्हणाला, तो माणूस तूच. दुसऱ्याच्या अंगणातला अन्याय दावीदला लख्ख दिसत होता. ज्या बथशेबाला त्याने तिच्या नवऱ्यापासून हिरावलं, ती त्याच्याच घरात होती.

म्हणूनच एका गोष्टीवर माझं ठाम मत आहे. विसाव्या शतकातले रब्बी एल्खानान वासरमान, ज्यांची 1941 साली लिथुआनियातल्या कौनासमध्ये हत्या झाली, त्यांनी लिहिलंय की देव आहे हे उघड आहे, मोठमोठ्या विचारवंतांना दिसत नाही कारण वासनांनी त्यांना लाच दिलेली असते. माणूस म्हणून त्यांच्याबद्दल मला अपार आदर आहे. पण हा युक्तिवाद दुसऱ्याकडे बोट दाखवून केलेला मला पटत नाही. कित्येक नास्तिकांनी आपल्या विचारापायी सुख गमावलंय, कमावलेलं नाही. आणि आस्तिकालाही लाच असतेच: समाजातला मान, मरणाची भीती, घरातली शांतता. रब्बी इश्माएलने स्वतःचं मन तपासलं, कुळाचं नाही. बलामही नास्तिक नव्हता, देवाशी बोलणारा होता. ही गोष्ट आम्हा प्रार्थना करणाऱ्यांसाठी लिहिली आहे.

यावर कुणी म्हणेल, मग इच्छाच मारून टाकाव्यात. तेही आमचे गुरू म्हणत नाहीत. तालमूदमध्ये कथा आहे की एकदा लोकांनी या ओढीला पकडून तीन दिवस कोंडून ठेवलं, तर आख्ख्या देशात आजाऱ्यासाठी एक ताजं अंडं मिळेना. ओढ नसेल तर कुणी घर बांधणार नाही, लग्न करणार नाही, व्यापार करणार नाही, असंही मिद्राशमध्ये, म्हणजे धर्मग्रंथावरच्या जुन्या भाष्यात, स्पष्ट म्हटलंय. मला विहीर हवीशी वाटली यात काहीच वाईट नव्हतं. वाडीला पाणी कुणाला नको? हवीशी वाटत असताना मी देवाचं नाव घेत होतो, ते वाईट.

बालाकच्या शनिवारी संदेष्ट्यांमधला जो उतारा वाचतात तो मीखाचा. त्यात येतं: हे माणसा, चांगलं काय ते तुला सांगितलेलं आहे. न्यायाने वाग, दयेवर प्रेम कर, आपल्या देवाबरोबर नम्रपणे चाल. सांगितलेलं आहे. इतकी वर्षं मी हे ऐकत होतो.

मलिद्याच्या दिवशी सगळे उठल्यावर आत्या माझ्याजवळ बसली. तिचं शिक्षण चौथीपर्यंत, हिब्रू तिला फक्त पाठ आहे, वाचता येत नाही. म्हणाली, "बाळा, तू तिघांना विचारलंस म्हणे. पहिल्यांदा विचारलंस त्यांनी काय सांगितलं होतं?"

मी तिच्यावर चिडलो. तुला व्यवहारातलं काय कळतं, असं काहीतरी बोललो. आत्या ताटं उचलायला लागली.

वाटणी बदलायला त्यानंतर दोन पावसाळे गेले. कागद झाले त्या दिवशी धाकटा काही बोलला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी दोन गडी घेऊन आला आणि विहिरीतला गाळ काढायला उतरला. मी काठावर उभा राहून दोर धरला.