कागद पक्के होते, पण प्रश्न कागदांचा नव्हताच (काकांच्या प्रतिक्रियेला उत्तर)

काका, तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. तुम्ही म्हणता अ‍ॅपलनं आयर्लंडचा कायदा मोडलाच नव्हता, सगळं तिथल्या टॅक्सवाल्यांकडून लिहून घेतलेलं होतं, 2020 ला युरोपियन युनियनच्या कोर्टानंही कंपनीच्या बाजूनं निकाल दिला, मग बड्या कंपन्यांच्या टॅक्सच्या असल्या चौकशा म्हणजे मोठ्यांवरचा राग. मला हे अजिबात पटत नाही.

मी इंदूरच्या सियागंज बाजारातल्या दुकानांचे हिशोब बघतो. काही वर्षांपूर्वी एका किराणा व्यापाऱ्यानं बायकोच्या नावावरच्या गोदामाचं भाडं महिना 60 हजार दाखवलं होतं, करारनामा पक्का, पैसे चेकनं, टीडीएसही कापलेला, खोटं काहीच नाही. इन्कम टॅक्सच्या साहेबांनी एवढंच विचारलं, शेजारचं असंच गोदाम कितीला गेलंय? 22 हजारांना. वरचे 38 हजार खर्चातून उडाले. घरातल्या घरात व्यवहार असला तरी भाव बाहेरच्यासारखाच लावायचा, ट्रान्सफर प्रायसिंग (एकाच मालकीच्या कंपन्यांनी आपसात लावलेला भाव) म्हणजे तरी दुसरं काय, फक्त गोदामाच्या जागी पेटंट, ब्रँड, सॉफ्टवेअर. आणि पंचाईत तिथंच आहे, कारण पेटंटला शेजारचं गोदाम नसतं, भाव विचारायचा कुणाला? म्हणून मग अधिकारी बघतात की काम खरंच कुठं होतं, माणसं कुठं बसतात, निर्णय कोण घेतं.

युरोपियन कमिशननं, म्हणजे युरोपियन युनियनच्या कारभार बघणाऱ्या संस्थेनं, अ‍ॅपलच्या आयरिश कंपनीचं हेच बघितलं. 2011 चा नफा साधारण 1600 कोटी युरो, त्यातले आयर्लंडमध्ये टॅक्ससाठी धरले जेमतेम 5 कोटी, बाकी सगळा 'हेड ऑफिस'चा, आणि त्या हेड ऑफिसला ना जागा, ना एक नोकर, ना कुठला देश! कमिशनच्या हिशोबानं 2014 ला टॅक्स पडला 0.005 टक्के, म्हणजे लाखाला 5 रुपये. तिथला नेहमीचा दर 12.5 टक्के, म्हणजे लाखाला साडेबारा हजार. आयर्लंडनं 1991 आणि 2007 ला लेखी मान्यता दिली होती हे तुमचं बरोबर, पण वाद त्या मान्यतेचाच होता ना, एकाच कंपनीला अशी सवलत का?

चौकशीतून दरवेळी वसुली होतेच असं मी म्हणत नाही, अ‍ॅमेझॉनच्या लक्झेंबर्ग प्रकरणात 2023 ला कमिशन हरलंच. पण चौकशी नको तर मग दुसरं काय? आपल्याकडे 2016 ला परदेशी कंपन्यांच्या ऑनलाइन जाहिरातींवर 6 टक्के लेव्ही (वेगळा कर) आणली, नफा बघायचाच नाही, सरळ रकमेवर टक्का. करायला सोपं, पण असा बोजा फिरून शेवटी जाहिरात देणाऱ्या छोट्या दुकानदारावर येऊ शकतो, आणि 1 एप्रिल 2025 पासून ती काढूनही टाकली. त्यापेक्षा दहा वर्षं लागली तरी वह्या उघडून बघितलेलं बरं, असं मला मनापासून वाटतं.

आणि काका, तुम्ही दिलेला 2020 चा निकाल खालच्या कोर्टाचा. 10 सप्टेंबर 2024 ला वरच्या कोर्टानं तो रद्द केला आणि अ‍ॅपलकडून 1300 कोटी युरो वसुलीचा कमिशनचा 2016 चा आदेश कायम झाला. तो निकाल वाचा, मग परत बोलू.