‘आधी माल भरा’ म्हणणाऱ्यांना उत्तर

महिलांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांतून एक सल्ला सतत पुढे ढकलला जातोय: “ऑनलाइन दुकान काढायचंय? आधी माल भरा, घाऊकात स्वस्त पडतो. माल हातात नसताना ऑर्डर घेणं ही फसवणूक. खात्री हवी तर पोल टाका. आणि साड्या काही कुजत नाहीत, आज ना उद्या खपतात.” माझ्या धाकट्या बहिणीनं यावर विश्वास ठेवला, भिशीचे 45,000 रुपये उचलले आणि सुरतेहून 100 साड्या मागवल्या. म्हणून हे लिहितेय.

घाऊकात स्वस्त पडतो, हे खरं. तिला साडी 450 ला पडली. एकेक घेतली असती तर 600 ला. विकली 900 ला. पण वर्षभरात गेल्या 40. हातात आले 36,000, म्हणजे मुद्दलसुद्धा सुटलं नाही. त्याच 40 साड्या ऑर्डर येईल तशा 600 ला घेतल्या असत्या, तर कुरिअर-पॅकिंगचा खर्च न धरता 12,000 सुटले असते. नगामागे वाचलेले दीडशे रुपये न खपलेल्या 60 साड्यांनी गिळले. सुरुवातीला महाग खरेदी करणं हा मूर्खपणा नाही. 1999 मध्ये अमेरिकेत निक स्विनमर्ननं झॅपोस हे बुटांचं ऑनलाइन दुकान सुरू केलं ते असंच. लोक बूट पायात घालून न बघता घेतील का, हेच कुणाला माहीत नव्हतं. त्यानं जवळच्या दुकानांतल्या बुटांचे फोटो काढून साइटवर टाकले. ऑर्डर आली की त्याच दुकानातून पूर्ण किमतीला जोड घ्यायचा आणि पाठवायचा. त्यात नफा नव्हता, पण लोक पैसे देतात हे कळलं. 2009 मध्ये ही कंपनी अ‍ॅमेझॉननं घेतली.

फसवणुकीचा आरोप मला सगळ्यात जास्त खटकतो. दिवाळीचा फराळ करणाऱ्या काकू चकलीची भाजणी दळायला टाकायच्या आधी किलोंचा हिशेब वहीत लिहून घेतात. पेणच्या कारखान्यांत गणपतीचं बुकिंग कितीतरी आधी होतं. मराठी प्रकाशक प्रकाशनपूर्व सवलतीत पुस्तकाचे पैसे छपाईआधी घेत आलेत. यांना कुणी लबाड म्हणतं का? “माल तयार आहे” असं खोटं सांगणं ही फसवणूक. “ही आगाऊ नोंदणी आहे, साडी 15 दिवसांत मिळेल, नाही मिळाली तर पूर्ण पैसे परत” असं स्वच्छ लिहून तसं वागणं हा सरळ व्यवहार आहे. राखीसारख्या चार दिवसांच्या हंगामात थोडा माल जवळ लागतो, हे मान्य. तिथेही थोडाच.

पोलचं काय? बहिणीच्या पोलवर भरभरून “हो” आले होते. मावशा, शाळेतल्या मैत्रिणी, सोसायटीतल्या वहिनी. भिडेखातर दिलेल्या होकाराला किंमत नसते. शंभर रुपये आगाऊ यूपीआय करा म्हटलं की खरी संख्या कळते. तीही अनोळखी लोकांकडून यायला हवी. दोन-तीन रंगांचे नमुने स्वतः विकत घ्या, दिवसाच्या उजेडात फोटो काढा, किंमत आणि कुरिअर खर्च स्पष्ट लिहा, जाहिरातीवर ठरावीक रक्कम लावा आणि पैसे किती जणांनी भरले तेवढंच मोजा. लाइक मोजू नका. कॅश ऑन डिलिव्हरीची ऑर्डरही पार्सल स्वीकारेपर्यंत विक्री धरू नका. दारातून परत आलेल्या पार्सलचा जाण्याचा आणि येण्याचा, दोन्ही खर्च बहुधा आपल्याच माथी बसतो.

राहिलं “साड्या कुजत नाहीत”. घड्यांवर रेघा पडतात, पावसाळ्यात वास धरतो, पण ते सोडा. घाऊकात साड्या सेटनं मिळतात, आठ रंग असतील तर आठही घ्यावे लागतात. बहिणीच्या राणी आणि मोरपंखी साड्या पहिल्या दोन महिन्यांत संपल्या. दिवाणाखाली उरल्या त्या बहुतेक बिस्किटी आणि राखाडी. गौरी-गणपतीच्या आधी राणी रंगासाठी तीन बायकांचे फोन आले, तिघीही लगेच पैसे द्यायला तयार होत्या. नवा सेट मागवायला तिच्याकडे पैसे उरले नव्हते. तिघींनाही तिनं नाही सांगितलं.