टॉर्क आणि पासिंग: एका प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार.

येऊ घातलेल्या विद्युत पिकअपचे पासिंग, म्हणजे तिला कायद्याने नेता येणारे वजन, १,४८० किलोच्या आसपास निघेल, असा अंदाज मी मूळ लेखात मांडला होता. त्यावर आपल्या तीन हरकती आहेत: गाडी बाजारात येण्याआधी किलोत आकडा सांगणे हा निव्वळ ठोकताळा आहे; मोटरचा टॉर्क (चाक फिरवणारा जोर) डिझेल इंजिनापेक्षा जास्त असल्याने ही गाडी १.७ टनाच्या डिझेल पिकअपपेक्षा जास्तच माल नेईल; आणि कमानपाटे (चाकांवरचे स्प्रिंगचे पाटे) वाढवून दोन टन नेणारे रोज दिसत असताना कागदावरच्या आकड्याला अर्थ नाही.

दुसरी हरकत आधी घेतो, कारण खरा मतभेद तिथेच आहे. टॉर्क गाडी ओढतो. भार पेलण्याचे काम टायर, ॲक्सल, पाटे आणि चासी (गाडीचा सांगाडा) यांचे असते आणि तो भार घेऊन करूळ घाट उतरताना गाडी आवरण्याचे काम ब्रेकचे असते. भरलेल्या गाडीचे कमाल मान्य वजन आणि मोकळ्या गाडीचे वजन यांतील फरक म्हणजे पासिंग. या वजाबाकीत मोटर येते ती केवळ स्वतःच्या वजनाने, आणि तेही आपल्या तोट्याच्या बाजूला.

कमाल वजन मी ३,४९० किलो धरले, ते हवेतून नव्हे. ३,५०० किलोपर्यंतच्या मालवाहू गाड्या एन-१ वर्गात मोडतात आणि या आकाराच्या पिकअप त्या मर्यादेच्या आतच ठेवल्या जातात. शिवाय चाचणीच्या गाडीच्या छायाचित्रात टायरवर ११२ हा भारांक वाचता येतो. ११२ म्हणजे एका टायरला १,१२० किलो, म्हणजे मागच्या दोन टायरांना २,२४०. एकूण भाराचा साधारण ६४ टक्के वाटा मागे येतो असे धरले, तर उत्तर ३,५०० येते.

मोकळ्या वजनासाठी एका परिचिताची डिझेल पिकअप टाकी भरून कोल्हापूरजवळच्या शिरोलीच्या वजनकाट्यावर नेली. पावती आली १,७८० किलोची. त्यातून इंजिन, गिअरबॉक्स, रेडिएटर, सायलेन्सर आणि भरलेली टाकी यांचे ३८० किलो काढले. मोटर व तिच्या जोडसामानाचे १३० आणि चासी मजबूत करण्याचे ५० मिळवले. राहिली ६० युनिटची, म्हणजे ६०,००० वॉट-तासांची बॅटरी. लोह-फॉस्फेट प्रकारात पूर्ण बॅटरीपेटीच्या एका किलोमागे १२० ते १६० वॉट-तास मिळतात असे मानले, तर तिचे वजन ३७५ ते ५०० किलो भरते. म्हणजे पासिंग १,४१० ते १,५३५. मी मधला आकडा मूळ लेखाच्या शीर्षकात एकटाच ठेवला, ही चूक झाली. पट्टा द्यायला हवा होता.

दुसरी चूक आपल्याही नजरेतून सुटली आहे. मोटार वाहन कायद्यातील मोकळ्या वजनाच्या व्याख्येत चालक आणि मदतनीस धरलेले नाहीत. दोघांचे दीडशे किलो वजा केले, तर प्रत्यक्ष मालाला १,३३० किलोच उरतात. तीस किलोचे गुळाचे रवे (ढेपा) मोजले तर चव्वेचाळीस. डिझेल गाडीत याच हिशेबाने बावन्न बसतात. चपलांची खोकी वाहणाऱ्याला हा फरक जाणवणारही नाही, कारण त्याचा हौदा वजनाआधी भरतो. उद्यमनगरातून बिडाचे कास्टिंग नेणाऱ्याचे मात्र उलटे असते: हौदा अर्धा रिकामा असतानाच त्याचे पासिंग संपते, आणि मूळ लेख मी त्याच्यासाठी लिहिला होता.

आता ठोकताळ्याविषयी. कंपनीने जाहीर केलेला आकडा तरी गाडी येईपर्यंत टिकतो का? टेस्लाने २०१९ मध्ये सायबरट्रक या विद्युत पिकअपची माल नेण्याची क्षमता ३,५०० पौंडांपर्यंत, म्हणजे सुमारे १,५८८ किलो सांगितली. २०२३ अखेर गाडी ग्राहकांच्या हाती आली तेव्हा ती २,५०० पौंडांवर, म्हणजे सुमारे १,१३४ किलोवर आली होती. फोर्डच्या एफ-१५० लाइटनिंग या विद्युत पिकअपचे उलट झाले. २०२१ मध्ये सांगितलेले २,००० पौंड पुढच्या वर्षी विक्रीपूर्वी २,२३५ झाले. घरचे उदाहरण हवे असेल, तर टाटा एस ईव्ही २०२२ मध्ये ६०० किलोची आली आणि २०२४ मध्ये त्याच नावाने एक टनाची आवृत्ती निघाली. या शेवटच्या उदाहरणाने माझ्याच मांडणीतला कच्चा दुवा उघडा पडतो, हे मान्य करतो: निर्मात्याने कमाल वजनाची मर्यादाच हलवली, तर बॅटरीचा माझा सगळा हिशेब बरोबर असूनही उत्तर चुकेल.

पाट्यांबद्दल थोडक्यात. पाटा वाढवल्याने गाडी बसायची थांबते. टायरचा भारांक, ब्रेक आणि आरसी बुकातील आकडा जिथल्या तिथेच राहतात. जादा भारासाठी कायद्याच्या कलम १९४ मध्ये वीस हजार रुपये आणि वरच्या प्रत्येक टनाला दोन हजार रुपये दंड आहे. दोन टन नेणारे दिसतात हे खरे, पण ते गाडीच्या क्षमतेचे मोजमाप नव्हे.

गाडी शोरूममध्ये आली की मोकळीच शिरोलीच्या त्याच काट्यावर न्यायचा माझा विचार आहे. आपणही या, आणि वजन २,०८० किलोच्या वर किंवा १,९५५ च्या खाली भरले, तर मूळ लेखाच्या माथ्यावर माझी चूक आणि आपली हरकत दोन्ही छापीन.