टूथपेस्टनं हेडलाइट ‘नवी’ होत नाही: एका व्हायरल मेसेजचा समाचार

गाडीवाल्यांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर एक मेसेज व्हिडिओसकट फिरतोय. मजकूर थोडक्यात असा: ‘हेडलाइटची काच मळून पिवळी पडलीय? गॅरेजवाल्याला पैसे कशाला देताय? पांढरी टूथपेस्ट लावा, पाच मिनिटं फडक्यानं घासा. टूथपेस्ट नसेल तर डासांचा स्प्रे मारून पुसा. वरून खोबरेल तेलाचा हात फिरवा, वर्षभर बघायला नको. उजेड दुप्पट!’ यातला एक दावा अर्धा खरा आहे, म्हणून तर मेसेज एवढा पसरतो.

‘काच मळलीय’

ती काच नाही आणि तो मळ नाही. जुन्या अॅम्बेसिडरच्या, जीपच्या गोल दिव्यांना खरी काच असायची. ती पिवळी पडत नसे. आजच्या दिव्यांचा दर्शनी भाग पॉलीकार्बोनेटचा असतो. हे प्लास्टिक उडालेल्या खडीचा मार सोसतं, पण उन्हातल्या अतिनील किरणांपुढं टिकत नाही. म्हणून कारखान्यातच त्यावर केसाहून पातळ असा कडक लेप चढवतात. वर्षानुवर्षांच्या उन्हानं आधी तो लेप मरतो, मग पापुद्रे सुटतात, आणि उघडं पडलेलं प्लास्टिक पिवळं होतं. म्हणजे खराब झालाय तो प्लास्टिकचा वरचा थरच. तो धुऊन जात नाही, खरवडूनच काढावा लागतो. गाडी रोज एकाच दिशेला तोंड करून उन्हात लागत असेल, तर एक दिवा दुसऱ्याच्या आधी पिवळा पडतो तो यामुळंच.

कोल्हापूरजवळच्या शिरोली, गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत फौंड्रीची धूळ आणि हंगामात साखर कारखान्याच्या चिमणीतली काजळी गाडीवर बसते. ती कोरड्या फडक्यानं पुसली की लेपावर ओरखडे उठतात आणि त्याचं आयुष्य आणखी कमी होतं. आधी पाणी सोडावं, मगच हात लावावा.

काहीही घासण्याआधी एक परीक्षा करा. दिवा शाम्पूनं धुवा, पूर्ण वाळू द्या आणि मग त्यावर पाणी ओता. ओला असताना स्वच्छ दिसला, तर खराबी बाहेरच्या पृष्ठभागावर आहे. घरी जमण्यासारखं काम. ओल्यातही धुरकट दिसला तर खराबी आतून आहे, किंवा प्लास्टिकच्या अंगातच बारीक भेगा पडल्यात. आत पाण्याचे थेंब दिसत असतील तर मागचं रबरी कव्हर नीट बसलेलं नाही, हवेची वाट तुंबलीय किंवा सील सुटलंय. तिथं बाहेरून काहीही चोळून उपयोग नाही.

‘टूथपेस्टनं नव्यासारखी होते’

हाच तो अर्धा खरा दावा. टूथपेस्टमध्ये सिलिका किंवा कॅल्शियम कार्बोनेटची अगदी बारीक पूड असते, आणि ती पॉलिशचं काम करते. दिवा नुसताच किंचित धूसर असेल तर फरक दिसतो, खोटं कशाला बोला. पण पापुद्रे सुटलेल्या किंवा दाट पिवळ्या दिव्यावर ही पूड फार नाजूक पडते. जिथं लेप सुटलाय तिथं थोडी चमक येते, जिथं तो चिकटून आहे तिथं पिवळेपणा तसाच राहतो, आणि दिवा ठिपक्याठिपक्यांचा दिसतो. व्हिडिओतला जादूचा क्षण नीट बघा: दिवा ओला असतानाच कॅमेरा जवळ नेलेला असतो. ओल्या पृष्ठभागातल्या खाचा पाण्यानं भरतात, म्हणून तो स्वच्छ भासतो. वर सांगितलेली परीक्षा ती हीच.

खरं नुकसान पुढं आहे. घासण्यानं उरलासुरला संरक्षक लेपही झिजतो आणि टूथपेस्ट त्या जागी काहीच ठेवत नाही. उघडं प्लास्टिक पुन्हा उन्हात. मग तोच पिवळेपणा आधीपेक्षा लवकर परततो. लग्नाच्या वरातीपुरती गाडी चमकवायची असेल तर टूथपेस्ट चालेल, त्यापुढं नाही.

‘नाहीतर डासांचा स्प्रे मारा’

हे मात्र अजिबात करू नका. अंगाला लावायच्या अनेक रिपेलंटमध्ये (डास पळवणाऱ्या औषधांत) डीईईटी नावाचं रसायन असतं आणि ते प्लास्टिक विरघळवतं. वरचा थर मऊ होऊन पसरतो, खाचा बुजतात, दिवा क्षणभर चकाकतो. नंतर तो चिकट होतो, धूळ धरतो आणि त्यावर जाळीदार भेगा पडतात. ओघळ बंपरवर गेला तर रंगही खराब. पेट्रोल, थिनर, अॅसिटोन यांनाही हेच लागू. पॉलीकार्बोनेटला पडलेल्या अशा भेगा घासायच्या कुठल्याही पेपरनं निघत नाहीत, दिवाच बदलावा लागतो.

‘वरून खोबरेल तेल, वर्षभर बघायला नको’

तेल खाचा भरतं आणि पहिल्या दोन-चार धुण्यांत निघून जातं. तोवर धूळ चिकटवून घेतं. तेल केसांना लावा.

‘पाच मिनिटांचं काम’

नीट करायचं तर दोन्ही दिव्यांना मिळून अर्धा दिवस धरा. सामान असं: ८००, १०००, १५०० आणि २००० नंबरचे वॉटर पेपर (पाण्यात भिजवून घासायचे; नंबर मोठा तसा पेपर बारीक), चांगल्या प्रतीची मास्किंग टेप, बादलीभर पाण्यात थोडा शाम्पू, आयसोप्रोपिल अल्कोहोल, धागे न सोडणारी फडकी आणि टू-के क्लिअर, म्हणजे हार्डनर (लेप कडक करणारं रसायन) असलेला, स्प्रेच्या डब्यातला पारदर्शक लेप.

गाडी सावलीत लावा, दिवा गार असू द्या. बॉनेट, बंपर आणि फेंडरच्या कडांवर टेपचे दोन-तीन थर द्या. पेपर कडेवर एकदा घसरला तरी रंग जातो. पेपर दहा मिनिटं पाण्यात भिजवा. पापुद्रे सुटले असतील तर ८०० पासून, नुसता पिवळेपणा असेल तर १००० पासून सुरुवात करा. सगळ्यात जास्त वेळ या पहिल्या पेपरला द्यायचा. सुरुवातीला ओघळणारं पाणी पिवळसर असतं. ते दुधासारखं पांढरं येईपर्यंत आणि दिवा सगळीकडं सारखा मंद दिसेपर्यंत थांबू नका. इथं दिवा आधीपेक्षा वाईट दिसतो आणि बरेच जण घाबरून काम सोडतात.

पुढच्या प्रत्येक पेपरला दिशा बदला: एक आडवा, दुसरा उभा. मागच्या पेपरचे ओरखडे राहिलेत का, ते त्यामुळं लगेच कळतं. दरवेळी दिवा पुसून, कोरडा करून बघा, कारण ओल्यात सगळंच चांगलं दिसतं. ८०० चा ओरखडा राहिला तर २००० नं तो जात नाही. पुन्हा मागं यावं लागतं. पेपर आणि दिवा सतत ओला ठेवा.

क्लिअर मारणार असाल तर २००० वर थांबा, रबिंग कंपाउंड लावू नका. गुळगुळीत पृष्ठभागावर क्लिअर धरत नाही, आणि कंपाउंडचा अंश राहिला तर फोड येतात. अल्कोहोलनं पुसून नंतर बोट लावू नका. पहिला हात अगदी हलका, फवाऱ्यासारखा. दहा मिनिटांनी भरलेला दुसरा, तेवढ्याच अंतरानं तिसरा. डबा १५ ते २० सेंटीमीटरवर धरा. जवळ धरला तर ओघळ येतात, लांब धरला तर खरखरीत बसतो.

हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतात, त्यानं दमा जडू शकतो. रुमाल बांधून भागत नाही. वाफ अडवणारा कार्ट्रिजचा मास्क हवा आणि काम मोकळ्या जागेत हवं. तेवढी तयारी नसेल तर पेपरचं काम घरी करा आणि क्लिअरसाठी उद्यमनगरातल्या एखाद्या डेंटिंग-पेंटिंगवाल्याकडं जा. त्याला विचारायचं ते एवढंच: क्लिअर टू-के आहे का, आणि त्यात यूव्ही संरक्षण आहे का. साधा लॅकर असेल तर नको म्हणा.

जून ते सप्टेंबर हे काम काढू नका. पावसाळी दमट हवेत क्लिअर दुधाळ पडू शकतो. हिवाळा चांगला, पण दव उडून गेल्यावर, दहानंतर. तेव्हा उसाच्या हंगामाची काजळी हवेत असतेच, म्हणून पत्र्याच्या शेडच्या आडोशाला मारा. क्लिअर नकोच असेल तर २००० नंतर ३००० चा पेपर, मग कंपाउंड आणि त्यावर पारदर्शक पीपीएफ फिल्म (गाडीच्या रंगावर चिकटवतात ती संरक्षक फिल्म) हाही धड उपाय आहे. नुसतं वॅक्स काही आठवड्यांचं.

‘उजेड दुप्पट’

धुरकट दिवा उजेड कमी करतो त्याहून जास्त तो विस्कटतो. समोरच्याच्या डोळ्यांत जातो आणि रिफ्लेक्टर नसलेली उसाची ट्रॉली आपल्याला उशिरा दिसते. दिवा साफ झाला की हा फरक नक्की पडतो. पण आतला रिफ्लेक्टर काळवंडला असेल किंवा वायरिंगमध्ये व्होल्टेज पडत असेल, तर बाहेरची चमक काय करणार? ६०/५५ वॅटच्या एच-फोर बल्बच्या जागी १००/९० वॅटचा बल्ब घालण्याचा मोह टाळा. उष्णतेनं होल्डर वितळतो आणि रिफ्लेक्टर जळतो.

शेवटी झोत तपासा. सपाट जमिनीवर, भिंतीपासून ५ मीटरवर गाडी उभी करा, लेव्हलिंगचं (झोत वर-खाली करायचं) बटण शून्यावर ठेवा. लो बीमची वरची सपाट कड दिव्याच्या मध्यापेक्षा साधारण ५ सेंटीमीटर खाली यायला हवी आणि झोत डावीकडं वर चढायला हवा. बऱ्याच दिव्यांवर टक्क्यांत आकडा छापलेला असतो; १ टक्का म्हणजे ५ मीटरवर हेच ५ सेंटीमीटर. तो वेगळा असेल तर त्याप्रमाणं धरा. काम करताना दिवा काढला असेल तर हे जुळवल्याशिवाय रात्री गाडी गगनबावड्याच्या घाटात घालू नका.