‘पोट त्यांचं, हौस तुमची’ या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. सिएटलजवळच्या प्युजेट साउंड खाडीतल्या खेकड्यांच्या हंगामावर मी लिहिलं होतं. त्यावर रत्नागिरीहून तुमची मोठी प्रतिक्रिया आली. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: खेकडे विकून ज्यांची चूल पेटते त्यांच्या तोंडचा घास पगारदार माणसं रविवारच्या मजेसाठी काढून घेतात. सरकारनं 2010 साली हौशींना झुकतं माप दिलं, हा अन्याय आहे. आणि कोकणातल्या मुलीनं त्याचं समर्थन करावं याचं तुम्हाला वाईट वाटलं. या आक्षेपाला चार ओळींत उत्तर देणं बरं नाही, म्हणून सविस्तर लिहिते.

तुमच्या प्रतिक्रियेत एक मोठा हिस्सेदार आलाच नाही. इथली वाटणी तिघांत होते. 1854-55 मध्ये इथल्या आदिवासी जमातींनी अमेरिकी सरकारशी तह करून आपली जमीन सोडली, पण नेहमीच्या जागी मासेमारी करण्याचा हक्क स्वतःकडे ठेवला. पुढं शंभर वर्षं तो हक्क कागदावरच राहिला. 1974 मध्ये न्यायाधीश जॉर्ज बोल्ट यांनी निकाल दिला की पकडण्याजोग्या माशांतला अर्धा वाटा तहातल्या जमातींचा. 1994 मध्ये न्यायाधीश एडवर्ड रफीदी यांनी तेच तत्त्व शिंपल्यांना आणि खेकड्यांनाही लावलं. म्हणून तुलालिप, स्विनोमिश, लमी अशा जमातींच्या बोटी आपला अर्धा वाटा घेतात. ही कुणाची मेहेरबानी नव्हे. पोट आधी म्हणायचं असेल, तर या पाण्यावर सर्वांत जुनं पोट त्यांचं आहे.

उरलेल्या अर्ध्यात वॉशिंग्टन राज्याचा परवाना असलेले व्यावसायिक मच्छीमार आणि आम्ही हौशी. पूर्वी यातला मोठा भाग व्यावसायिकांकडे जायचा. 2010 मध्ये राज्याच्या मत्स्य व वन्यजीव आयोगानं धोरण बदललं: जुलैपासून सप्टेंबरच्या सुरुवातीच्या लेबर डेपर्यंत, आठवड्यातले पाच दिवस, माणशी रोज डंजनेस जातीच्या खेकड्याचे पाच नर, हे हौशींचं. व्यावसायिक बोटी साधारण ऑक्टोबरपासून उतरतात आणि राज्याच्या वाट्यात जे शिल्लक असेल ते पकडतात. (श्रावण पाळणाऱ्या इथल्या मराठी घरांचा निम्मा हंगाम असाच निघून जातो, पण ती वेगळी गोष्ट.)

तुमच्या आक्षेपातलं खरं दुखणं या रचनेत आहे. आम्हाला दिवस आणि रोजची मर्यादा ठरवून दिली आहे, पण हंगामातल्या एकूण पकडीचा आकडा ठरवून दिलेला नाही. आम्ही उन्हाळ्यात जितके जास्त पकडू, तितके शरदात व्यावसायिकाला कमी मिळतील. तरीही मी या धोरणाच्या बाजूनं आहे, कारण खाडी सगळ्यांची आहे आणि व्यावसायिक परवाने मर्यादित आहेत. ज्याच्याकडे तो नाही, त्याला आपल्याच गावच्या पाण्यातला खेकडा फक्त दुकानातून, दुकानाच्या भावानं मिळावा, हे मला पटत नाही. एडमंड्सच्या सार्वजनिक धक्क्यावर संध्याकाळी येऊन बघा. बोट नसलेली कुटुंबं, त्यांत कितीतरी व्हिएतनामी आणि फिलिपिनो, कोंबडीच्या तंगड्या बांधलेले पिंजरे पाण्यात सोडून बसलेली असतात. संगणकावर काम करणारे पगारदार तिथं असतात, मीही त्यांतलीच. पण तो धक्का आमच्या एकट्यांचा नाही.

मात्र हा हक्क एका अटीवर टिकतो. आम्ही काय पकडलं ते मोजलं गेलं पाहिजे. उन्हाळी परवान्याबरोबर एक कार्ड मिळतं. ठेवून घेतलेला प्रत्येक डंजनेस त्यावर तिथल्या तिथं, पिंजरा पुन्हा पाण्यात टाकण्याआधी लिहायचा, आणि हंगाम संपल्यावर कार्डाचा हिशेब कळवायचा. एकही खेकडा मिळाला नसेल, कुणी पाण्याकडे फिरकलंही नसेल, तरी कळवायचं. न कळवल्यास पुढच्या परवान्याच्या वेळी 10 डॉलर दंड. दहा डॉलरकडे बघून कितीतरी लोक कंटाळा करतात, आणि याचा मला मनापासून राग येतो. ज्यांना काही मिळालं नाही त्यांनी कळवलं नाही, तर उरलेल्या कार्डांवरून काढलेला हौशी पकडीचा अंदाज फुगतो आणि व्यावसायिकाच्या शिलकीला विनाकारण कात्री लागते. ज्यांनी भरपूर पकडलं त्यांनीच लपवलं, तर अंदाज खाली येतो आणि खाडीतून ठरल्यापेक्षा जास्त खेकडा निघतो. दोन्हीकडून मार बोटवाल्यालाच. तुम्ही ज्याला घास काढून घेणं म्हणता, ते मला इथं दिसतं, त्या पाच नरांत नव्हे.

दुसरी गोष्ट हरवलेल्या पिंजऱ्यांची. प्युजेट साउंडमध्ये दरवर्षी सुमारे 12,000 पिंजरे हरवतात असा अंदाज आहे, आणि त्यांत अडकून सुमारे 1,80,000 पकडण्याजोगे खेकडे मरतात. ते हौशींनाही मिळत नाहीत, व्यावसायिकांनाही नाही. दोर आखूड पडतो, भरतीच्या ओढीनं बोया (पिंजऱ्याची जागा दाखवणारा तरंगता गोळा) पाण्याखाली जातो, फेरीबोटींच्या वाटेत दोर कापला जातो. म्हणून तर पिंजऱ्याचं झाकण सुती दोरीनं बांधायची सक्ती आहे: पिंजरा हरवलाच तर दोरी कुजते, झाकण उघडतं आणि आतले खेकडे बाहेर पडतात. तिथं नायलॉन बांधणारा माणूस खाडीच्या तळाशी कायमचा सापळा लावून जातो. व्यावसायिकांचेही पिंजरे हरवतात, पण दोर किती लांब हवा हेच ठाऊक नसलेले नवखे आमच्यातच जास्त, असं मी तरी पाहिलं आहे.

तिसरं, मऊ खेकडे. कवच टाकलेला खेकडा आतून पाण्यानं भरलेला असतो, मांस नावालाच. आपल्याकडे अमावास्येची चिंबोरी भरलेली म्हणतात. इथं पायाची नळी दाबून बघतात. दबली तर खेकडा परत पाण्यात, तसा नियमच आहे. माद्याही परत, आणि रुंदीला सव्वासहा इंचांपेक्षा लहान नरही परत. जुलैत हळुवार हातानं सोडलेला मऊ नर ऑक्टोबरात घट्ट आणि भरलेला होऊन व्यावसायिकाच्या पिंजऱ्यात जातो. फेकून, आपटून सोडला तर तो मरतो. वाटणी अशी आमच्या हातांनीही होत असते.

तुम्ही पर्ससीनवाले (मोठ्या घेरजाळ्यांच्या यांत्रिक बोटींचे मालक) आणि पारंपरिक मच्छीमार यांच्या झगड्याचं उदाहरण दिलंत. तो झगडा मोठ्या धंद्याचा आणि छोट्या धंद्याचा आहे. दोन्हीकडची मासळी शेवटी बाजारात जाते. हौशी माणसाला इथं एक खेकडाही विकता येत नाही. ‘पेट्रोलचे पैसे द्या आणि चार घेऊन जा’ असे निरोप आपल्या मराठी व्हॉट्सॲप ग्रुपांवरही फिरतात. ती विक्रीच आहे आणि गुन्हा आहे. असे निरोप टाकणाऱ्यांच्या बाबतीत मी पूर्णपणे तुमच्या बाजूनं आहे.

शेवटी तुम्ही विचारलंत, उद्या खेकडा घटला तर आधी कोण थांबणार? आधी आम्ही. प्युजेट साउंडमधल्या टकोमा नॅरोज या अरुंद सामुद्रधुनीच्या दक्षिणेला साठा इतका खालावला की तिथं हौशी खेकडेमारी बंद करावी लागली, आणि ते योग्यच होतं. उन्हाळ्यात एखाद्या भागात आमची पकड फार वाढली, तर तिथला हंगाम मध्येच थांबवावा, असंही माझं मत आहे. आजच्या धोरणात आमच्या पकडीला ठरलेला आकडा नाही. तो यावा, आणि तो हौशींनीच मागावा. आयोगाच्या बैठकांत सामान्य नागरिकांनाही बोलता येतं. धोरणाचा विषय पुन्हा निघेल तेव्हा मी तिथं हेच मांडणार आहे.