पेग भरायला सगळे शिकवतात, नाही म्हणायला कोणी शिकवत नाही

ताईचा मुलगा उद्यापासून परमिट रूममध्ये कामाला लागतोय. जळगावच्या बाहेर, हायवेच्या अंगाला. ठरलं होतं थेट काउंटरवर. ताईचा फोन आला तेव्हा पहिलंच वाक्य होतं, "लोकांना काय सांगू रे मी?" मी म्हटलं, ताई, लोकांचं नंतर बघू. आधी मला सांग, रात्री एक वाजता तो घरी कसा येणार? ती गप्प झाली. हे कोणी विचारलंच नव्हतं. तिने नाही, पोराने नाही, मालकानेही नाही.

मी स्वतः या धंद्यात अकरा वर्षं काढली. भुसावळ, मग धुळे, शेवटची वर्षं नवापूर. वेटर म्हणून लागलो, काउंटरवर गेलो, कॅप्टन झालो. तीस आणि साठ मिलीचं माप मला पहिल्या तासात शिकवलं. बाटल्यांचे भाव दोन दिवसांत पाठ करून घेतले. पण तर्र झालेल्या माणसाला "आता बास" कसं म्हणायचं आणि म्हटल्यावर आपलं डोकं शाबूत कसं ठेवायचं, हे एकाही मालकाने कधी शिकवलं नाही. ते मी सहा टाके घालून शिकलो.

धुळ्यातली गोष्ट. कामाला लागून दोन आठवडेही झाले नव्हते. चौघांचं टेबल बिल न देता उठलं आणि गल्ल्यावरून हाक आली, "पळ, धर त्यांना!" मी पळालो. एकवीस वर्षांचं पोर, नवीन नोकरी, मालक बघतोय, पळणार नाही तर काय करणार? पार्किंगमध्ये गाडीच्या दाराशी एकाला हात लावला आणि मागून दुसऱ्याने बाटली घातली. कपाळ फुटलं. सिव्हिलमध्ये टाके घातले, आणि महिन्याच्या शेवटी त्या टेबलचं बिल माझ्या पगारातून कापलं. घरी गेलो तर मायने पट्टीकडे बघितलं, काही विचारलं नाही, ताट वाढलं. सकाळी निघताना एवढंच म्हणाली, "संभाळीसन ऱ्हाय रे भाऊ."

म्हणून भाच्याला पहिली गोष्ट हीच सांगितली. बिलासाठी दाराबाहेर पाऊल टाकायचं नाही. गाडीचा नंबर लिहून घे, कॅमेऱ्यात चेहरा येऊ दे, गरज पडली तर ११२ लाव. कोणाच्याही बिलापेक्षा तुझं कपाळ महाग आहे. मालकाला हे पटत नसेल, तर ते पहिल्याच दिवशी कळलेलं बरं.

नाही म्हणण्याबद्दल मात्र त्याच्याशी दोन संध्याकाळी बसून बोललो, कारण या कामातली खरी कारागिरी तीच आहे. माणूस एकदम तर्र होत नाही. आधी आवाज चढतो, मग तीच गोष्ट तो तिसऱ्यांदा सांगतो, मग ग्लास ठेवताना टेबलाची कड चुकते. काउंटरवरच्या माणसाने तिथेच ओळखायचं असतं. पाणी न मागता नेऊन ठेवायचं, शेंगदाण्यांच्या जागी पोटभरीचं काहीतरी सुचवायचं, पुढचा पेग जरा उशिरा न्यायचा. एवढ्यावर निम्मी भांडणं होतच नाहीत. आणि थांबवायची वेळ आलीच, तर चारचौघांत "तुम्हाला चढलीय" हे शब्द तोंडातून काढायचे नाहीत. खान्देशात माणूस मार विसरेल, पण मित्रांसमोर झालेला अपमान विसरणार नाही. त्या टेबलवरचा जो सगळ्यात शुद्धीत आहे, त्याला बाजूला घ्यायचं. "आप्पा, किचन बंद होतंय, शेवभाजी शेवटची लावू का? बिल आणतो सोबतच." त्याला बरोबर कळतं.

उभं कुठे राहायचं, हेही शिकण्यासारखं आहे. हाताच्या अंतराबाहेर, आपले दोन्ही हात समोरच्याला दिसतील असे, आणि पाठीमागे वाट मोकळी. अंगाला हात लावायचा नाही. कोणाच्या हातातला ग्लास ओढून घ्यायचा नाही. एकट्याने जायचं नाही. आम्ही नवापूरला एक शब्द ठरवला होता, "बर्फ संपला". तो ऐकला की किचनमधले दोघं हातातलं काम टाकून बाहेर येऊन नुसते उभे राहायचे. बोलायचे नाहीत, फक्त उभे. त्या शब्दाने किती रात्री निभावल्या, मोजल्या नाहीत.

आणि रिकामी बाटली टेबलवर राहू द्यायची नाही. भांडणात पहिला हात तिच्यावरच पडतो. लिंबू कापायची सुरी आणि बर्फ फोडायचा टोच्या काउंटरच्या आतल्या बाजूला, खाली. हे मी नव्या पोरांना रोज बघायला लावायचो.

काचेचंच सांगतो. घाईत ग्लासानेच बर्फ काढायची सवय प्रत्येक नव्या पोराला लागते. ग्लासाची कड तडकते, कपचा बर्फात पडतो आणि बर्फात काच दिसत नाही. ती गिऱ्हाइकाच्या घशात जाते किंवा तुझ्या बोटात. बर्फाला चमचाच वापरायचा, आणि जवळपास ग्लास फुटला तर सगळा बर्फ गरम पाणी ओतून वितळवायचा. मालक ओरडला तर ओरडू दे. दुसरं, आपला उन्हाळा. मे महिन्यात जळगावात पारा ४५ ला टेकतो, आणि पत्र्याखाली ठेवलेल्या सोड्याच्या काचेच्या बाटल्या फुटतात. क्रेट सावलीत ठेवायचे, आदळायचे नाहीत, तोंड चेहऱ्याकडे धरून उघडायचं नाही. आणखी एक. संडास धुवायचं ॲसिड आणि ब्लिचिंग पावडर कधीही एकत्र करायची नाही. त्यातून क्लोरीन वायू निघतो आणि बंद खोलीत माणूस गुदमरतो. नव्या पोराकडे साफसफाई हमखास येते आणि हे त्याला कोणी सांगत नाही.

आता कागद. नोकरनामा हा शब्द भाच्याने ऐकलाच नव्हता. परवाना मालकाच्या नावावर असतो. त्याच्या वतीने दारू देणाऱ्या नोकराचा नोकरनामा, म्हणजे तशी परवानगी असल्याचा कागद, राज्य उत्पादन शुल्क खात्याकडून करून घ्यावा लागतो. तो नसेल आणि तपासणी आली, तर काउंटरमागे उभा असलेला तूच सापडतोस. शिवाय तिथे काम करतोस याचा तो पुरावा आहे. १ एप्रिल २०१७ ला सुप्रीम कोर्टाच्या आदेशाने हायवेपासून ५०० मीटरच्या आतली दारूविक्री बंद झाली, तेव्हा रातोरात शटर खाली आली. माझ्या ओळखीची कितीतरी पोरं घरी बसली. ज्यांच्याकडे कागदच नव्हता, त्यांना मागचा पगार मागायलाही तोंड राहिलं नाही.

वयाचंही तसंच. महाराष्ट्रात बिअर आणि वाइन २१ वर्षांपासून, बाकी दारू २५ पासून. भाचा २३ वर्षांचा आहे. त्याच्या वर्गातली पोरं उद्या समोर येऊन बसतील, "काय भो, आपल्याला कार्ड मागतोस का?" म्हणतील. मागायचं. सगळ्यांना मागितलं की कोणाला लागत नाही.

नवापूरबद्दल थोडं जास्त लिहितो, कारण पोरं तिथे फसतात. नवापूरचं रेल्वे स्टेशन अर्धं महाराष्ट्रात, अर्धं गुजरातेत आहे. एका राज्यात दारू मिळते. दुसऱ्यात राज्य झाल्यापासून, म्हणजे १९६० पासून, दारूबंदी. मग एखादं गिऱ्हाईक गोड बोलतं, "बाटली फक्त पलीकडे आणून दे, पाचशे घे." पोराला वाटतं, दहा मिनिटांचं काम आहे. पकडला जातो तेव्हा ते गिऱ्हाईक ओळखसुद्धा दाखवत नाही. माझ्यासोबत काम केलेला एक मुलगा असाच अडकला. त्याचे वडील तारखांना जाण्यासाठी कपाशीच्या पैशांतून भाड्याची सोय करायचे. आजही त्यांचा चेहरा डोळ्यांसमोर येतो.

असंच दुसरं काम म्हणजे भारी ब्रँडच्या रिकाम्या बाटलीत हलकी दारू भरणं. कोणीही सांगितलं तरी करायचं नाही. २०१५ साली मुंबईच्या मालवणीत विषारी दारूने शंभरावर माणसं गेली. त्यात मिथेनॉल होतं, आणि ते चवीवरून ओळखता येत नाही. बाटलीत काय आहे हे तुला माहीत नसेल, तर ती ओतणारा हात तुझा नसावा.

माणूस पडलाच तर लिंबू आणि कॉफीच्या नादी लागू नका. त्याने दारू उतरत नाही, ती वेळेनेच उतरते. उलटी घशात अडकू नये म्हणून त्याला कुशीवर झोपवा, एकटा सोडू नका. हाक मारून उठत नसेल, श्वास अडखळत असेल, तर १०८. थंडीत त्याला बाहेर ओट्यावर काढून ठेवणं म्हणजे मारणं. दारूने ऊब आल्यासारखी वाटते, पण अंगातली उष्णता उलट बाहेर जाते, आणि आपल्याकडे डिसेंबरच्या रात्री साध्या नसतात.

स्वतः पिण्याबद्दल भाच्याला एकच सांगितलं. ड्यूटीवर थेंबही नाही, गिऱ्हाइकाने कितीही प्रेमाने दिला तरी. मी ज्यांच्या हाताखाली शिकलो, त्यातले दोघं आज नाहीत. दोघंही हुशार होते, दोघांची सुरुवात "एकच, तुझ्यासाठी" या पेगने झाली.

आता परत तोच प्रश्न, जो मी ताईला विचारला. रात्री घरी कसा येणार? बारा तास उभं राहून, झोपेने जड डोळ्यांनी, केळीच्या ट्रकांच्या हायवेवर मोटारसायकलने जाणं. पुढे बिनदिव्याची बैलगाडी, मागे पिऊन चालवणारे. मुलगी या कामात असेल तर हा प्रश्न दहापट मोठा. परमिट रूम चालवणारे जे मालक हे वाचत असतील, त्यांना हात जोडून सांगतो. शटर पडल्यावर पोरांना सोडायला एक गाडी ठेवा, नाहीतर वर दोन गाद्या आणि एक पंखा असलेली खोली द्या. गल्ल्याची रक्कम एकट्या पोराच्या हाती घरी पाठवू नका. आणि तुमच्या पोराने एखाद्याला पुढचा पेग नाकारला, तर गिऱ्हाइकासमोर त्याचीच बाजू घ्या. तुम्ही एकदा त्याला सगळ्यांसमोर "दे रे, काय होतं" म्हणालात, की त्या पोराचा "नाही" कायमचा संपतो.

काल मी स्वतः जाऊन भाच्याच्या मालकाला भेटलो. चहा झाला. माणूस ऐकून घेणारा वाटला. नोकरनाम्याचं काम होईपर्यंत पोरगा काउंटरमागे उभा राहणार नाही, किचनमध्येच राहील, असं ठरलं. आठवड्याची सुट्टी सोमवारी. रात्री तिकडच्याच दोन वेटरांसोबत तो रिक्षाने येईल, भाडं मालक देणार. ताईला हे सगळं सांगितलं तेव्हा ती पहिल्यांदा नीट बोलली. म्हणाली, "मी जागी राहीन, आल्यावर तुला मिस्ड कॉल देते." मी म्हटलं, दे. मीही जागाच आहे.